सरकवलेला उंबरा

“तुमच्याकडे जागा कुठे?”

हे वाक्य मी लग्न होऊन जळगावला आले तेव्हापासून ऐकत होते. म्हणणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसायचं. आपल्यामुळे आम्हाला अडचण नको, एवढाच त्यांचा चांगुलपणा. नेमक्या त्या चांगुलपणानेच माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. सासरची भाऊबंदकी मोठी. मूळ घर चाळीसगावकडच्या एका खेड्यात, बाकीचे कोणी धुळ्याला, कोणी पाचोऱ्याला. जळगावला प्रत्येकाचं काम पडतंच. दवाखाना असतो, कोर्टाची तारीख असते, कॉलेजचा प्रवेश नाहीतर लग्नाचा बस्ता. सगळे आमच्याकडे यायचे, हातपाय धुवायचे, शेवभाजी आणि कळण्याची भाकरी हाणायचे, आणि ऊन कललं की पिशवी उचलायचे. मी म्हणायचे, “राहा ना आजची रात.” त्यावर ठरलेलं उत्तर यायचं आणि ते भुसावळच्या कुठल्या तरी लांबच्या मावसभावाकडे मुक्कामाला जायचे.

आमच्याकडे दोन खोल्या होत्या. पुढे बसायची खोली, मागे स्वयंपाकघर, त्याच्यामागे न्हाणी. दारापुढे ओटा, वर स्लॅब, तिन्ही बाजूंनी लोखंडी जाळी, आणि त्या ओट्यावर यांची स्कूटर. घर स्वतःचं, कर्ज फिटलेलं, कागद आमच्या नावावर. तरी सासरी त्याला कोणी घर म्हणत नसे. ‘जळगावचं बिऱ्हाड’ म्हणत. घर गावाकडचं, आणि आमचं ते बिऱ्हाड. भाड्याच्या खोलीत सामान टाकून राहणाऱ्यांसाठी जो शब्द वापरतात तो माझ्या घराला चिकटला होता आणि काही केल्या सुटत नव्हता. मी एकदा चिडून यांना म्हटलं, “तुमच्या लोकांना सांगा, हे घर आहे.” हे एसटीत कंडक्टर. उभं आयुष्य गर्दीत काढलेला माणूस शांत असतो. म्हणाले, “बस भरलीय असं खालून बघणाऱ्याला वाटतं. आत असतो त्याला अजून दोघांची जागा दिसते. आपण आत आहोत ना? मग झालं.” यांचं झालं होतं. माझं काही झालं नव्हतं.

त्या वर्षी आखाजीला आम्ही सगळे गावी जमलो होतो. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे दिवाळीइतकीच मोठी. माझ्या मोठ्या जाऊबाई, ज्यांना लहानथोर सगळे अक्का म्हणतात, त्यांनी जेवणं झाल्यावर सगळ्यांना ओसरीवर बसवलं आणि सांगितलं की आता पुण्याला मुलाकडे जायचं ठरलं. थोरले दीर गेल्यापासून त्या एकट्याच तिथे राहत होत्या. गुडघे साथ देत नव्हते. जाण्याचं त्यांना फारसं दुःख दिसत नव्हतं. घोर एकाच गोष्टीचा होता: कानबाई आता बसवायची कुठे?

खान्देशाबाहेरच्यांना हे सांगावं लागेल. कानबाई ही आमची श्रावणातली देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती घरी येते, रात्र गाण्यांत जागवते आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत पाण्याला जाते. नारळाला डोळे, नथ, साडी चढवून चौरंगावर केळीच्या खांबांमध्ये तिला बसवतात. सगळ्या भाऊबंदकीची मिळून एक कानबाई असते आणि ती ज्या घरी बसते ते थोरलं घर. तिच्या नैवेद्याला रोट करतात. घराण्यातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मूठ मूठ गहू घ्यायचा, तो दळायचा, पीठ चाळायचं नाही, कोंड्यासकट त्याच्या जाड पोळ्या लाटायच्या. हे रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. लग्न होऊन गेलेल्या लेकीसुद्धा खात नाहीत, त्या वाढायला असतात. आमच्या घराण्यात याशिवाय दोन गोष्टी अगदी कडक पाळतात. एक, सगळे एका पंगतीला बसतात, दुसरी पंगत नाही. आणि दुसरी, रोट उंबऱ्याबाहेर जात नाही. एक घाससुद्धा नाही.

धुळ्याचे माझे चुलत दीर बोलायला पुढे. त्यांचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर, तिथे सोसायटी ढोल-ताशा वाजवू देत नाही. ते म्हणाले, “त्यात काय एवढं? मंगल कार्यालय घेऊ एक दिवसाचं. आचारी सांगू. पंखे, पार्किंग, सगळी सोय.”

अक्कांनी त्यांच्याकडे पाहिलं. “कार्यालयले उंबरा ऱ्हास का रे भाऊ?”

कार्यालयाला उंबरा असतो का, असं त्या विचारत होत्या. मग एकेक घराचं नाव निघालं. पाचोऱ्याच्या घरात बांधकाम चाललेलं, दुसऱ्या एकाकडे करणारं कोणी नाही. एक जण हळूच म्हणाला की मग या साली राहू द्या. कानबाई ‘राहू द्या’ म्हणजे काय, ते ओसरीवरच्या प्रत्येक बाईला कळलं. अक्कांचा चेहरा उतरला. आणि तेव्हा उचलली जीभ आणि लावली टाळ्याला म्हणतात तसं मी बोलून गेले, “आमच्याकडे बसवा.”

 धुळ्याचे दीर हसले, त्यांचं बघून बाकीचेही हसले, आणि ते वाक्य आलंच. या वेळी ते एकट्या-दुकट्याने म्हटलं नाही, अख्ख्या ओसरीने म्हटलं. यांनी माझ्या पायावर पाय दाबला. मी पाय काढून घेतला. मी पुन्हा तेच म्हटलं आणि माझा आवाज जरा चढलाच असणार, कारण अक्कांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

“मानसं बठ्ठा येतीन,” त्या मला म्हणाल्या. “बठ्ठासले एक पंगतमा, उंबराना मझार बठाडी दखाड. मंग कानबाई तुनी.”

सगळ्यांना एका पंगतीत, उंबऱ्याच्या आत बसवून दाखव, मग कानबाई तुझी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. येताना बसमध्ये हे खिडकीबाहेर बघत होते आणि मी मनात माणसं मोजत होते. पण खरं सांगते, भीती वाटत असली तरी माझी मान त्या दिवशी जरा ताठच होती. माझ्या घराची परीक्षा घ्यावी एवढं तरी ते आज मोजलं गेलं होतं.

घरी आल्यावर मी टेप काढली नाही. टेपने खोली मोजता येते, पंगत मोजता येत नाही. मी सगळी ताटं खाली काढली, शेजारणीकडून आणखी आणली आणि पुढच्या खोलीत मांडायला लागले. एका माणसाला एक ताट आणि एक मांडी लागते. यांना मी ताटामागे मांडी घालून बसवायची, खडूने रेघ मारायची, मग पुढच्या ताटाला सरकवायची. ड्युटीवरून दमून आलेला माणूस खाकी कपड्यांत रिकाम्या ताटांपुढे बसतोय, उठतोय, परत बसतोय, हे बघून शेजारच्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं. हे मात्र रंगात आले. म्हणाले, “धुळ्याच्या भाऊंचं दीड तिकीट धर. त्यांच्या मांडीला रेघ पुरायची नाही. पोरांची अर्धी तिकिटं.” मग आम्ही भाऊबंदांची आठवण काढत तिकिटं लावत बसलो. कोण रुंद, कोणाचे गुडघे वळत नाहीत, कोणाच्या मांडीवर बाळ असेल. इतक्या वर्षांत सासरच्या माणसांचा एवढा बारकाईने विचार मी कधी केला नव्हता.

जमणं शक्य नव्हतं. अर्धी पंगतसुद्धा बसत नव्हती, कारण खोली सामानाने अडवलेली होती. तेव्हा मी पदर खोचला.

पहिला बळी दिवाण. लग्नातला, भरभक्कम, पोटात तीन पिढ्यांची अंथरुणं भरलेला. दुपारची ड्युटी करून आले की हे त्यावर आडवे व्हायचे, त्यामुळे त्यांचा जीव त्यात. मी म्हटलं, “तुम्ही झोपता ती जागा दिवसातून दोन तास वापरता आणि ती अडते चोवीस तास. तुमच्या बसमध्ये चालेल का असं सीट?”  दिवाण गेला, गादी आली, सकाळी गुंडाळून कोपऱ्यात उभी. अंथरुणं निम्मी वाटून टाकली. फ्रिज पुढच्या खोलीतून स्वयंपाकघरात गेला, तिथली गव्हाची कोठी गॅसच्या कट्ट्याखाली गेली, आणि कट्ट्याखालचे रिकामे डबे, ज्यांत आपण ‘लागतील कधीतरी’ म्हणून आणखी रिकामे डबे ठेवतो, ते भंगारवाल्याकडे गेले. शिलाई मशीन मी खिडकीखाली आडवं लावलं. पाय काढून डोकं आत वळवलं की त्याची फळी होते, हे मला मशीन घेतल्यापासून माहीत होतं, केलं कधीच नव्हतं.

मांडणीपाशी मात्र मी थांबले. खान्देशातल्या कुठल्याही घरात जा, एक भिंत भांड्यांची असते. पितळी डबे, गंगाळं, तांबे, परातींची उतरती ओळ, सगळं चिंचेने घासून आरशासारखं केलेलं. बाईची ऐपत त्या भिंतीवर दिसते. माझी भिंत माझ्या धुळ्याच्या माहेरची होती. आईने एकेक भांडं जोडून दिलेलं. आणि ती मांडणी भिंतीपासून दीड हात पुढे आलेली, म्हणजे आख्खी एक ओळ गिळून बसलेली. दोन दिवस मी तिच्याकडे बघत राहिले. मग सुताराकडून दारांच्या वर, खोलीला चहूबाजूंनी फिरणारी एक अरुंद फळी मारून घेतली आणि भांडी वर चढवली. आता एका भिंतीवरची भांडी चारही भिंतींवर आली. खाली उभं राहून वर पाहिलं तेव्हा मीच चकित झाले. इतका उजेड त्या खोलीत कधी पडला नव्हता. जमीन माणसांना, भिंती भांड्यांना, असं मी यांना म्हटलं आणि यांनी ते डेपोत जाऊन सगळ्यांना सांगितलं.

आषाढ लागला तेव्हा ताटं मांडली. पुढच्या खोलीत ओळी, स्वयंपाकघरात ओळी, मधल्या दारात दोन पोरं. कानबाईच्या चौरंगाची जागा पूर्वेकडे तोंड करून सोडलेली. बसली की हो पंगत! शेवटचं ताट टेकलं तेव्हा मी टाळी वाजवली. जळगावातच दिलेली माझी नणंद तेवढ्यात आली. ती अंगाने भरलेली आणि तोंडाने मोकळी. दारात उभी राहून तिने सगळीकडे नजर फिरवली.

“छान,” ती म्हणाली. “आणि वहिनी, मी वाढू कुठून? उडत?”

मी खाली पाहिलं. ताटाला ताट भिडलेलं होतं. वाढणारीला पाऊल टाकायला वाट नव्हती. एवढ्या दिवसांत मी खाणाऱ्यांची मांडी मोजली, मुलांची मोजली, तान्ह्या बाळाची मोजली. हातात परात आणि तुपाची वाटी घेऊन ओळींमधून वाकून जाणारी बाई माझ्या हिशोबातच नव्हती. उभा जन्म पंगती वाढण्यात गेला आणि वाढणारीलाच विसरले. नणंद हसत होती, मला रडू फुटत होतं. वाट सोडून परत ताटं मांडली तर एक आख्खी ओळ उचलावी लागली. उचललेली ताटं हातात घेऊन मी उभी होते आणि आता हलवायला घरात काही उरलं नव्हतं.

“ही ओळ ओट्यावर बसव,” नणंद म्हणाली.

“ओटा उंबऱ्याच्या बाहेर.”

“हो ना,” ती म्हणाली आणि दारातून ओट्यावर उतरून चपला घालायला लागली. उंबऱ्याच्या या बाजूला मी, त्या बाजूला ती. मध्ये ते सागवानी लाकूड, पायाखाली झिजून मध्यात खोलगट झालेलं. मी त्या लाकडाकडे बघत राहिले. घरात न हललेली एकच वस्तू राहिली होती, आणि ती ही होती.

यांना सांगितलं तेव्हा यांनी आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. मग विचारलं, “आणि स्कूटर?” स्कूटर जाईल बाजूच्या बोळात, पत्र्याखाली, असं मी सांगितलं. मिस्तरीला बोलावलं. तो म्हणाला, “ताई, लोक खोली वाढवतात. उंबरा हलवणारं कोणी भेटलं नव्हतं.” मी म्हटलं, “खोली वाढवत नाहीच मी. चौकट आहे तशी काढा, दारासकट, आणि ओट्याच्या पुढच्या टोकाला बसवा. जाळीच्या आतून कमरेएवढी भिंत, वर खिडक्या. ओटा एक पायरी खाली आहे तो भरून घरातल्या जमिनीच्या बरोबरीला आणा.” त्याने डोकं खाजवलं, पण काम केलं चोख. तेच दार, तीच चौकट, तोच झिजका उंबरा पुढे जाऊन बसला. बसवायच्या दिवशी मी खाली हळद-कुंकू, सुपारी आणि चिमूटभर गहू ठेवला आणि नमस्कार केला. एक गोष्ट तेवढी जमली नाही. जुन्या फरशीसारखी फरशी बाजारात मिळेना. त्यामुळे उंबरा जिथून निघाला तिथे जमिनीवर एक पट्टा राहिला, अलीकडची फरशी तांबूस, पलीकडची करडी. अगदी आंधळ्यालाही कळावं की घर इथे संपत होतं.

तो पट्टा मला झोपू देईना. माझ्या घराण्यात कोणी असला उद्योग केल्याचं ऐकिवात नव्हतं. उद्या अक्का म्हणाल्या, हा तर ओटा, यावर बसलेल्यांनी खाल्लेला रोट उंबऱ्याबाहेर गेला, तर? तर कानबाई गेली, आणि भाऊबंदकीसमोर मी लबाड ठरले ते वेगळंच. हे म्हणाले, “सतरंजी टाक त्यावर. कोणी उचलून बघत नाही.” मी लांबरुंद सतरंजी टाकली. दिसेनासा झाला पट्टा. मला मात्र तो सतरंजीतूनही दिसत होता.

कानबाईच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी दोन गाड्या भरून मंडळी आली. रावेरकडच्या एका ओळखीच्या ड्रायव्हरने केळीचे खांब आणून दिले होते, मी मुद्दाम बारीक बघून मागवलेले. अक्का पुण्याहून थेट आल्या होत्या, सोबत गावाकडून आणवलेली कानबाईची पेटी. त्या याआधी आमच्याकडे एकदाच आल्या होत्या, पुष्कळ वर्षांपूर्वी, चहापुरत्या. नातसुनेचा हात धरून त्या दारापर्यंत आल्या आणि थांबल्या. मागे सगळी भाऊबंदकी थांबली.

“उंबरा आठे व्हता का?” त्यांनी विचारलं, पूर्वीही इथेच होता का म्हणून.

काय म्हातारीची नजर!  धुळ्याचे दीर पुढे होऊन वाकून बघायला लागले. मला त्या क्षणी दोन वाटा दिसल्या, ‘हो’ म्हणायची आणि खरं सांगायची, आणि दुसरीवर मी पाऊल ठेवलं. मागे वळले, सतरंजीचं टोक धरलं आणि ती ओढून बाजूला केली. तांबूस आणि करडी फरशी, मधला पट्टा, सगळं उघडं पडलं.

“नही अक्का,” मी म्हटलं. “पहिले तठे व्हता, त्या पट्टावर. मी सरकाडा. बठ्ठा मानसं मझार बसाले पाहिजेत ना. लपाडणार नही मी.”

पाठीमागे कुजबुज सुरू झाली. “उंबरा असा सरकतो का कधी?” असं कोणीतरी म्हणालं. “मग ही खोली का ओटा?” दुसरं कोणी. हे माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, आणि त्यांच्या सरळ उभं राहण्यावरून मला कळलं की वेळ आली तर आज हा शांत माणूस सगळ्यांशी भांडणार. मला त्याचा फार आधार वाटला.

अक्का उंबऱ्यापाशी खाली बसल्या. झिजक्या लाकडावर हात फिरवला. हळदीचा डाग बघितला. मग मान वर करून मला विचारलं, “रातले कोनतं दार लावतस?”

“हाईच, अक्का.”

“तठलं?”

“तठे आते दारच नही.”

“मंग?” त्या सगळ्यांकडे वळून म्हणाल्या. “जे दार लाई माय पोऱ्यासले लई जपस, तोच उंबरा. आनखी काय ऱ्हास उंबरा?” आणि नातसुनेच्या आधाराने उठून, उजवं पाऊल पुढे करून त्या आत आल्या. जे दार लावून आई मुलांना घेऊन झोपते तोच उंबरा.  धुळ्याचे दीरही चपला काढून आत आले.

रविवारी कानबाई बसली. काय सांगू कशी दिसत होती! वर चारही भिंतींवर पितळ, खाली केळीचे हिरवे खांब, मध्ये ती नथ घालून. पंगत मांडली तेव्हा मी फक्त यांच्याकडे बघितलं. यांनी बाह्या सरसावल्या आणि आपल्या ड्युटीच्या आवाजात हाळी दिली, “चला, पुढे सरका, पुढे जागा आहे! दारात गर्दी करू नका!” सगळे हसत हसत सरकत गेले. धुळ्याच्या दिरांना दीड तिकिटाची जागा राखलेली, ते आरामात बसले आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही. बाळं मांडीवर, गुडघेवाले भिंतीला टेकून, करड्या फरशीवर ओळ आणि तांबूस फरशीवर ओळ, आणि मधल्या वाटेने नणंद परात घेऊन तोऱ्यात चालत गेली. प्रत्येकाच्या ताटात रोट पडला, त्यावर तूप, गंगाफळाची भाजी, खीर. मीही बसले. शेवटच्या ओळीत, उंबऱ्याला पाठ लावून. पहिला घास तोंडात घातला आणि मान वळवून सगळ्या ओळी बघितल्या. अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू. रोट खाणारं एक माणूस उभं नव्हतं, एक माणूस बाहेर नव्हतं.

सोमवारी सकाळी कानबाई डोक्यावर घेऊन आम्ही नाचत-गात मेहरुण तलावावर गेलो. परत आल्यावर मंडळी आवराआवरीला लागली. पिशव्या, डबे, पोरांच्या चपला, कोणाचा चार्जर. मी सगळ्यांना ‘राहा’ म्हणत होते आणि सोमवार असल्यामुळे सगळ्यांना आपापली कामं होती. गाड्या भरल्या. अक्का पुढच्या सीटवर बसल्या. गाडी कोपऱ्यापर्यंत गेली असेल, आणि मी आत वळले तर खिडकीखाली कानबाईची पेटी तशीच. चांगली गुडघ्याएवढी, लोखंडी, आत चौरंग, नथ-दागिने, साड्या, समया. ही पेटी थोरल्या घरी असते, वर्षभर. मी ओरडले. हे पायात चप्पल न घालता गाडीमागे पळत सुटले, हात करून गाडी थांबवली.

“अक्का, पेटी राहिली!”

मीही पळत पोचले होते. अक्कांनी काच खाली केली. त्या यांच्याकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या.

“ऱ्हायनी नही, ठेवेल शे,” त्या म्हणाल्या. “तिनं घर आते हाईच.” पेटी राहिली नव्हती, ठेवली होती; तिचं घर आता हेच.

गाडी गेली. आम्ही दोघं रस्त्यात उभे. हे म्हणाले, “अगं, एवढं सगळं हलवलं, आता हे धूड कुठे ठेवायचं?” मला हसूही येत होतं आणि रडूही, आणि मी दोन्ही केलं, भर रस्त्यात.

ती पेटी आज पुढच्या खोलीत आहे, उगवतीच्या भिंतीला. वर धुतलेला कपडा घातलेला असतो. कोणी पाहुणा आला की सवयीने तिच्यावर बसायला जातो, कारण तेवढी एकच उंच जागा खोलीत आहे. मी त्याला लगेच उठवते. “ती कानबाईची,” मी सांगते. “तुम्ही खाली बसा.”